'म्हणावं'ची वाट

दादा गेल्याची बातमी मला उलट्या बाजूनं आली. आमच्या घरात बातमीचा रस्ता ठरलेला होता. दादाकडून मला कळायचं, मी विजूला फोन करायची, विजू नंदाला सांगायचा. कारण दादाशी बोलणारी मी एकटीच होते. त्या सकाळी मात्र विजूचाच फोन आला. "ताई, दादा गेला गं... नंदीचा फोन आलता आत्ता." मी कणीक मळत होते. हात तसेच धरून उभी राहिले, आणि खरं सांगते, रडू यायच्या आधी मनात आलं ते हे, की नंदीला कसं कळलं? ज्या धाकट्या बहिणीशी दादा आईच्या दुखण्यापासून एक अक्षर बोलला नव्हता, तिला सगळ्यात आधी? विजूला विचारलं. तो म्हणाला, "त्यानंच फोन केलता तिला. छातीत दुखायलंय म्हणून. तीच रिक्षात घालून घेऊन गेली. दवाखान्याच्या दारापर्यंत होता म्हणे..." मी हात धुतले, गॅस बंद केला आणि मेट्रोचं कार्ड शोधत बसले.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ मुकुंद. नारायणगुड्यात एका कॉलेजात त्यानं निवृत्त होईपर्यंत गणित शिकवलं. वडील उदगीरकडची शेती भावांवर सोपवून कारकुनी करायला हैदराबादला आले आणि इथलेच होऊन गेले. आम्ही चौघं इथंच जन्मलो. दादा, मी शैला, मग विजय आणि शेवटची नंदा. घरात मराठी, गल्लीत तेलुगू आणि बाजारात दखनी 'हौ' नि 'नक्को'. दादाला तिन्ही भाषा छान यायच्या आणि तिन्हींत तो कमीच बोलायचा. लग्न केलं नाही. नारायणगुड्याच्या तळमजल्यावरच्या आमच्या जुन्या घरात तो शेवटपर्यंत राहिला. त्या घरात फळा नव्हता आणि त्याला तो लागायचाही नाही, कारण खाली शहाबादी फरशी होती. करडी, गार, खडूचं अक्षर चटकन धरणारी. दादा फतकल मारून बसायचा आणि खोलीभर ठिपके आणि रेघा काढत सुटायचा. कामाला येणारी यादम्मा बादली घेऊन दारात थांबायची आणि विचारायची, "सार, तुडवाला, वद्दा?" म्हणजे पुसू की नको. बहुतेक वेळा "वद्दु" असंच उत्तर मिळायचं. तिच्यासारखी कमी कष्टाची फरशी नारायणगुड्यात दुसरीच्या वाट्याला आली नसेल.

एकदा मी त्याला विचारलं, तुझा विषय तरी काय आहे. म्हणाला, "सेल्फ-कॉम्प्लिमेंटरी ग्राफ." हॉटेलात फुकट मिळतो तो साबण मला आठवला. मी शाळेत मराठी शिकवलेली बाई. शब्दकोश चाळून मी त्याला 'स्वपूरक आलेख' असा शब्द काढून दिला. त्यानं तो मान डोलावून घेतला आणि पुन्हा कधी वापरला नाही. पण समजावून छान सांगायचा. काही ठिपके घ्यायचे. काही जोड्यांमध्ये रेघ ओढायची, काहींमध्ये नाही. मग त्याचं उलटं चित्र काढायचं. जिथं रेघ होती तिथं कोरं ठेवायचं, जिथं कोरं होतं तिथं रेघ ओढायची. बहुतेक वेळा सुलटं आणि उलटं यांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. पण क्वचित असं होतं, की उलट्या चित्रातले ठिपके जरा इकडचे तिकडं सरकवले की मूळचंच चित्र समोर येतं. अशा चित्रात सगळ्या ठिपक्यांना एकेकदाच शिवून जाणारी एक तरी वाट असतेच, हे त्याच्या आधी कुणी जाणत्यानं सिद्ध करून ठेवलं होतं. दादाचा प्रश्न त्याच्या पुढचा होता. अशा वाटा किती? कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती? या एवढ्याशा गोष्टीवर माणसाचा जन्म जाऊ शकतो हे मला पटायचं नाही. त्याचा गेला, हे मात्र खरं.

आता आईचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. सांगायचा कंटाळा येतो, पण इलाज नाही. आई दादाकडं असायची आणि माझं घर तेव्हा दोन गल्ल्या पलीकडं होतं, म्हणून तिचं सगळं मी करायची. शेवटी ती दवाखान्यात असताना डॉक्टरांनी विचारलं, श्वासाचं मशीन लावायचं का. आई शुद्धीवर असताना "मला नळ्या लावू नका" असं म्हणाली होती, म्हणून दादा नको म्हणाला. मीही नको म्हटलं. नंदा लावा म्हणाली. तिची कोठी भागात रक्त-लघवी तपासायची लॅब, तिला औषधपाण्यातलं आमच्यापेक्षा कळतं आणि ते कळतं हे तिला फार कळतं. विजूनं दादाला "तू म्हणशील तसं" म्हटलं आणि नंदाला "लावू की" म्हटलं. नंदानं डॉक्टरांना हो सांगून टाकलं आणि मशीन लागलं. थोड्या दिवसांनी आई गेलीच. त्या दिवसांत नंदा दादाला म्हणाली, "तुला माणसं म्हणजे ठिपकेच." आणि मला म्हणाली, "तुला करायचा कंटाळा आलाय, म्हणून नको म्हणतीस." मी थकले होते हे खरंच होतं. खरं होतं म्हणूनच जास्त लागलं. दादा नंदाशी बोलेनासा झाला, दोन्ही दगडांवर पाय ठेवला म्हणून विजूशीही बोलेनासा झाला. मी नंदाशी बोलणं सोडलं. विजूशी मात्र मला अबोला धरता आला नाही. त्याच्यावर रागावणं म्हणजे भिंतीवर पाणी मारणं.

वर्षश्राद्ध झाल्यावर एका दुपारी मी दादाकडं गेले, तर फरशीवर चारच ठिपके होते. शेजारी अक्षरं, मु, शै, वि, नं. पांढऱ्या खडूनं तीन रेघा ओढलेल्या. त्याच्यापासून माझ्याकडं, माझ्यापासून विजूकडं, विजूपासून नंदाकडं. "हे कोण कुणाशी बोलतं ते," तो म्हणाला. मग गुलाबी खडू घेतला आणि जे बोलत नाहीत त्यांच्यामध्ये रेघा ओढल्या. विजूपासून त्याच्याकडं, त्याच्यापासून नंदाकडं, नंदापासून माझ्याकडं. "आता नुसतं गुलाबी बघ. विजू, मी, नंदा, तू. एका माळेत चौघं. पांढरं होतं तसंच." त्याचा चेहरा असा उजळला होता, की मला त्याच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला. मी म्हटलं, "घराचं वाटोळं झालं ते तुला उदाहरण मिळावं म्हणून का रे?" तो गुलाबी रेघांकडं बघत म्हणाला, "बोलण्यात मी टोकाला आहे शैले. अबोल्यात मधोमध..." आणि उठून चहा ठेवायला गेला.

अबोला म्हणजे भांडण नव्हे. भांडायला निदान बोलावं तरी लागतं. हैदराबादेतच वाढलेल्या माझ्या मुलाला मी हे समजावून सांगायला गेले तर तो म्हणाला, "मम्मी, अबोला मीन्स ब्लॉक करना ना?" त्याला मराठी वाचता येत नाही, त्यामुळे हा लेखही तो वाचणार नाही, म्हणून इथं सांगते. ब्लॉक केलं की माणूस संपतो. अबोल्यात संपत नाही. त्यानं जेवण केलं का, त्याचा गुडघा कसा आहे, त्याचे डोळे तपासले का, हे सगळं कळावं लागतं, फक्त थेट विचारायचं नसतं. त्यासाठी आपल्या भाषेनं एक शब्द करून ठेवलाय, 'म्हणावं'. चहा झालाय म्हणावं. तब्येतीला जप म्हणावं. तोंड एकाकडं, बोलणं दुसऱ्याला. दादाला हा शब्द फार आवडायचा. "म्हणावं ही रेघ नाही," तो सांगायचा, "ती वाट आहे." त्याच्याकडून नंदाकडं जायला त्या चित्रात एकच वाट होती, आणि ती माझ्यावरून आणि विजूवरून जायची.

म्हणजे चालायचं आम्ही दोघांनी. दिवाळी आली की दादा म्हणायचा, "नंदीला म्हणावं, अनारसे आईसारखे झालते." मी विजूला फोन करायची, विजू नंदाला. मग नंदाचं काहीतरी उलट यायचं. ते विजूकडून माझ्याकडं, माझ्याकडून दादाकडं. आणि विजूची एक अडचण होती. तो सिकंदराबादला रेल्वेच्या चौकशी खिडकीवर नोकरीला होता. कुणाचा जीव दुखवायचा नाही, ही त्याची तिथली सवय घरीही आली. गाडी यायला अजून कितीही वेळ असला तरी तो "येईलच की आता" म्हणायचा. नंदानं एकदा त्याच वाटेनं गेलेला दादाच्या साखरेचा रिपोर्ट बघितला आणि निरोप धाडला, "गोड एकदम बंद कर म्हणावं." विजूनं मला सांगितलं, "गोड जरा बेतानं घे म्हणायली." मी दमले होते, निरोपाचा तोल सांभाळत बसायची ताकद नव्हती, मी दादाला सांगितलं, "नंदा म्हणते गोड खा, पण बेतानं." त्या संध्याकाळी त्यानं माझ्यादेखत वाटीभर खुबानीका मीठा खाल्लं आणि नंदी पहिल्यापासून समजूतदारच आहे म्हणाला.

याच्यावरून आमचं कायमचं एक भांडण होतं. वाटा मोजायच्या म्हटलं की दादा दोन टोकांमधली वाट एकच धरायचा. इकडून तिकडं गेलो काय आणि तिकडून इकडं आलो काय, ठिपके तेच, रेघा त्याच, मग वाट एकच. मी म्हणायची, दोन. "तुझा निरोप नंदाकडं जातो ती एक आणि तिचा तुझ्याकडं येतो ती दुसरी. गेलेला निरोप आणि आलेला निरोप सारखाच असतो का?" तो म्हणायचा, "गणितात एकच." मी म्हणायची, "माझ्या फोनला विचार." यावर आम्ही किती दुपारी घालवल्या असतील कोण जाणे. तो हिरिरीनं वाद घालायचा, मला अडाणी ठरवायचा, आणि मी जायला निघाले की दारापर्यंत येऊन पुन्हा म्हणायचा, "एकच." मी चपला घालत "दोन" म्हणायची. आमच्यात निरोप घ्यायची ती रीतच पडून गेली होती.

पुढं मी मुलाकडं मियापूरला राहायला गेले. तिकडून मेट्रोनं यायचं, मध्ये गाडी बदलायची, जिने चढायचे आणि उतरायचे. दादाला बघायला जायचं म्हणजे सगळा दिवस जायचा. शेवटचं गेले तेव्हा तो वेताच्या खुर्चीत बसला होता. गुडघ्यांमुळं त्याला खाली बसता येत नव्हतं, आणि फळा आणून देऊ का म्हटलं तर नको म्हणाला. मलाच खाली बसवून खडू हातात दिला. चार ठिपके काढायला लावले, तीन पांढऱ्या रेघा ओढायला लावल्या. मग म्हणाला, "आता मु आणि नं जोड." मी म्हटलं, "अशी रेघ नाहीये." म्हणाला, "ओढ तर." मी ओढली. चौघांचं एक कडं तयार झालं. "मोडली बघ आकृती," तो म्हणाला. "आता उलटं चित्र हिच्यासारखं येत नाही. एक रेघ वाढवली, कुठलीही, की मोडते. एवढी नाजूक असते ती. आणि मी इतकी वर्षं..." मग नेहमीच्या आवाजात म्हणाला, "चौघांवरून जाणाऱ्या वाटा मोज. आधी एक होती. आता चार झाल्या. ही रेघ सोडून दुसरी कुठलीही घेतलीस तर दोनच होतात. मोजून बघ." मी मोजलं नाही. मी म्हटलं, "चार म्हणजे आठ." तो हसला, हसता हसता त्याला खोकला आला. म्हणाला, "शैले, तू जन्माची नापास." त्या उरलेल्या रेघांमधली एक माझ्यापासून नंदाकडं जाणारी होती, ते मला दिसत होतं. त्याला हेच सुचवायचंय का, असं वाटून गेलं. आता या वयात कुठं नव्यानं सुरुवात करायची. चहा घेतला आणि निघाले. दारात तो "एकच" म्हणाला, मी "दोन" म्हटलं.

त्यानंतर एकदम विजूचा फोन.

दिवसपाणी विजूच्या घरी सिकंदराबादला झालं. नंदा होती, मी होते, मधे विजू आणि त्याची बायको. तेरा दिवस आमच्या घरात 'म्हणावं'चं पीक आलं होतं. भात लावू का म्हणावं, गुरुजी आले म्हणावं. मला मात्र एकच गोष्ट हवी होती. त्या रिक्षात दादा नंदाशी काय बोलला? मी स्वतःला समजावलं, की नंदा कोठीला म्हणजे अगदी जवळ, मी लांब मियापूरला. तिला औषधातलं कळतं, मला कळत नाही. छातीत दुखणारा माणूस जवळच्याला आणि जाणत्याला बोलावतो, यात गूढ काही नाही. सगळं पटायचं, आणि तरी तोच प्रश्न परत यायचा. जो माणूस जन्मभर माझ्याशीच बोलला, त्याचं शेवटचं बोलणं जिच्याकडं होतं तिच्याशी मी बोलत नव्हते. विजूच्या लक्षात आलं. तो हळूच म्हणाला, "ताई, नंदीला विचारून सांगू का?" मी नको म्हटलं. त्यानं काय आणलं असतं ते मला माहीत होतं. "तुझी फार आठवण काढली गं त्यानं." मला सांत्वन नको होतं, दादाचे शब्द हवे होते. जसे असतील तसे, कडू असले तरी.

मग दादाचं घर आवरायची वेळ आली. त्या सकाळी कुलूप नंदानंच लावलं होतं, तेव्हापासून किल्ली तिच्याकडं होती. विजू ती घेऊन येणार आणि आम्ही दोघं आवरणार असं ठरलं होतं. पण त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्याला धुळीत जायचं नाही म्हणून सांगितलं. हे त्यानं मला मी नारायणगुड्याच्या स्टेशनवर उतरल्यावर फोनवर कळवलं. "नंदी येईलच की आता," म्हणाला. मी पोचले तर दार उघडंच होतं. यादम्मा आत पुसत होती. माझ्या हातची ती आकृती फरशीवर तशीच होती आणि तेवढी जागा सोडून ती चौफेर फडकं फिरवत होती. नंदा खाटेवर बसली होती. केस पांढरे झालेत तिचे. इतक्या जवळून, मधे कुणी नसताना, मी तिला कित्येक वर्षांनी बघत होते. ती काही बोलली नाही. मी पण नाही. निरोप द्यायला कुणी नव्हतंच. यादम्माला मराठी येत नाही.

कुठंतरी बघायचं म्हणून मी फरशीकडं बघत राहिले. आणि मग मोजलं. पायाच्या अंगठ्यानं, एकेक ठिपका धरून. दादापासून निघून माझ्यावरून, विजूवरून नंदाकडं. माझ्यापासून निघून विजू, नंदा, दादा. विजूपासून नंदा, दादा, मी. नंदापासून दादा, मी, विजू. चार. मग ती रेघ नाही असं धरून मनातल्या मनात दुसरी ओढली, माझी आणि नंदाची. दोनच झाल्या. दादाची आणि विजूची धरली, तरी दोनच. सगळ्यात जास्त वाटा उघडणारी रेघ एकच होती, त्याची आणि नंदाची, आणि छातीत कळ आलेल्या सकाळी त्यानं नंबर फिरवला तो नंदाचा. उगाच काहीतरी जोडू नये हे मला कळतं. तरी पण... मोजून झाल्यावर मी तिथंच फरशीवर बसले.

तेव्हा नंदा बोलली. माझ्याकडं न बघता, दादाच्या रिकाम्या वेताच्या खुर्चीकडं तोंड करून. "दादा, शैलाताईला म्हणावं, यादम्मा चहा ठेवील. घेणार का?"

इतक्या वर्षांत नंदाला दादामार्फत माझ्याशी बोलता आलं नव्हतं, कारण तिची आणि दादाची रेघच नव्हती. आता होती. त्याच्या शेवटच्या सकाळपासून होती. मी खुर्चीकडं बघून म्हटलं, "घेईन म्हणावं. साखर नको." यादम्मानं एकदा खुर्चीकडं, एकदा आमच्याकडं बघितलं आणि बादली उचलून आत गेली. मग नंदा पुन्हा खुर्चीशीच बोलायला लागली. "तू दोन म्हणालास. मी विचारलं दोन काय, तू नुसती मान हलवलीस. आता मी हिला काय सांगू..." ती वळली आणि सरळ मला म्हणाली, "ताई, दोन काय?"

मग तिनं सगळं सांगितलं. रिक्षात त्यानं तिचा हात घट्ट धरला होता. आईबद्दल काही बोलला नाही, माफीबिफी नाही. एवढंच म्हणाला, "शैलीला म्हणावं, दोन." तिनं विचारलं, "दोन काय? गोळ्या?" त्यानं मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, तेही कळलं नाही. "मी जिभेखाली एकच दिलती गं. घरातून निघताना एकच दिली. दोन द्यायच्या होत्या का? तो गोळ्यांचं तुला काही सांगत असायचा का?" तेरा दिवस आणि त्यानंतरही ती हेच घेऊन हिंडत होती. विजूला का नाही सांगितलंस, मी विचारलं. म्हणाली, "त्याला सांगितलं असतं तर त्यानं 'दोघींनी नीट राहा' करून आणलं असतं." ते इतकं खरं होतं, की मला हसू आलं. हसायला लागले आणि मग थांबेचना, आणि ते रडणं कधी झालं हे मला कळलं नाही.

मी तिला फरशीवर माझ्याशेजारी बसवलं. ठिपक्यांवरून बोट फिरवत दाखवलं, तिच्यापासून माझ्यापर्यंत, मग माझ्यापासून तिच्यापर्यंत. आमचं जुनं भांडण सांगितलं, जाणं-येणं एक की दोन. तो जन्मभर एक म्हणाला, मी दोन. नंदानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे गोळ्या नाहीत?" मी म्हटलं, नाहीत. तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. दादानं शेवटी हार मानली होती, की मला चिडवत होता, की खरोखर गोळ्यांबद्दलच काही सांगत होता, हे मला कधीच कळणार नाही. पण नंदाला मी ठामपणे नाही असंच सांगितलं, आणि सांगताना माझी स्वतःचीही खात्री पटत गेली. असा माणूस हार मानतानाही एकच शब्द खर्च करणार आणि तोही दुसऱ्याच्या हाती पाठवणार. आईच्या वेळचं तिनं काढलं नाही, मीही काढलं नाही. ते जिथं आहे तिथंच आहे. सगळं उपसायची ताकद आता दोघींतही राहिलेली नाही. आम्ही बिनसाखरेचा चहा प्यायलो आणि कपाटातले कपडे काढायला लागलो.

जाताना यादम्मा दारात थांबली आणि तिनं सवयीनं खुर्चीकडं बघून विचारलं, "तुडवाला, वद्दा?" मी आणि नंदा एकदमच "वद्दु" म्हणालो. पुढंमागं घर कुणाला तरी भाड्यानं द्यावं लागेल, तेव्हा ते पुसलं जाईल. तोवर असू दे.

परवा नंदा मियापूरला आली होती. बोलणं फारसं झालं नाही. तिला माझा बीपी बघायचा होता, तो बघितला, औषधाची वेळ बदलायला सांगितली, जेवली आणि गेली. संध्याकाळी विजूचा फोन आला, आवाजात आनंद मावत नव्हता. "भेटलात की मग दोघी! आता रविवारी कोठीला कशाला चाललीस परत? झाली की एकदा भेट." मी म्हटलं, ते तिचं येणं झालं. माझं जाणं अजून राहिलंय.

"दोन धर," म्हटलं, आणि फोन ठेवला.